तुडुमाजवळचा शिलालेख

आता तुम्ही एवढा चहा पुढे केलाच आहे, तर सांगतो. फजिती झाली की शहाणा माणूस ती लपवतो. मी माझी फजिती चार कॉलमांत, फोटोसकट, पहिल्या पानावर छापली! वर स्वतःचं नावही टाकलं. ठळक टाइपात.

तीस वर्षं गोंदियात बातमीदारी केली मी. भांडून केली. मी एखाद्या कचेरीत शिरलो की चपराशी आधी माझ्यासाठी पाणी आणायचा आणि मग साहेबाला मागचं दार दाखवायचा. पण हा माणूस मनातून कशासाठी झुरत होता, माहीत आहे? लाच उघडी पाडण्यासाठी नाही, मंत्री पाडण्यासाठी नाही. एका शिलालेखासाठी!

हसू नका. मी बी.ए. केलं ते प्राचीन इतिहास घेऊन. आमचे सर पांढऱ्या पडद्यावर स्लाइड लावायचे आणि एकाच अक्षरावर अर्धा तास थांबायचे. "हे वाकाटकांच्या काळचं अक्षर. डोक्यावर छोटीशी पेटी बघा. या पेटीचं काम काय? काही नाही! तिच्यावाचून वाचायला काही अडत नाही. ती फक्त देखणी दिसावी म्हणून कोरली. म्हणजे राजाला नुसतं सांगायचं नव्हतं रे, ते सांगणं सुंदर दिसायला हवं होतं."

मग ते सांगायचे, लेख रचणारा कवी वेगळा, छिन्नी चालवणारा वेगळा. कवीनं चार शब्द जास्त लिहिले तर कोरणाऱ्याचे चार दिवस जायचे, म्हणून वाक्यं कशी तोलून मापून यायची. छिन्नी घसरली तर खोडायची सोय नाही. आणि सगळ्या स्तुतीच्या, दानाच्या, शापाच्या शेवटी, एखाद्या कोपऱ्यात, कोरणाऱ्याचं नाव. एवढंसं. सर तिथे नुसतं बोट ठेवायचे.

मी ठरवलं, आपल्याला हेच करायचं. आणि झालो काय? बातमीदार! सकाळी छापलेलं माझं वाक्य संध्याकाळी स्टेशनाबाहेर आलुबोंड्याचं तेल पीत पडलेलं. भ्रष्टाचारावरची माझी सर्वांत जहाल मालिका एका मिठाईवाल्यानं मला स्वतःलाच बांधून दिली होती. आतमध्ये पाव किलो शेव.

आणि आजचे शिलालेख म्हणाल तर ते म्हणजे कोनशिला. काळा ग्रॅनाइट, मशीननं कापलेली अक्षरं, पंचेचाळीस नावं. मा. ना. अमुक, मा. श्री. तमुक, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती. बांधलं काय, ते सर्वांत खाली बारीक अक्षरांत: मुतारी. दोन पावसाळ्यांत सोनेरी रंग उडतो आणि उरतात फक्त मा., मा., मा. यावर मी अग्रलेख लिहून दिला होता. संपादकांनी छापला नाही. त्यांचंही नाव एका दगडावर होतं.

तर अशा माणसाला खरा दगड भेटला तर काय होईल?

गेल्या वर्षी, हलका धान, म्हणजे लवकर येणारं भात, कापणीला आला होता तेव्हा, तिरोड्याकडच्या एका गावात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून चहा मिळतो, तो बंद व्हायला नको. तसं ते माझं आजोळ. पण मामांनी सगळं विकून छत्तीसगड गाठलं, तेव्हा मी पाचवीत होतो. तेव्हापासून पाय ठेवला नव्हता. आता गेलो तोही साहेबासारखा: खिशाला पेन, गळ्यात ओळखपत्र. आपण कुणाचे कोण, हे कुणाला सांगितलं नाही. तलावात गाळ किती भरलाय याची बातमी होती. सांगायचं काय त्यात?

तलाव जुना, पूर्वीच्या कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला. मातीच्या उंच पाळीवरून चालत मी तुडुमापाशी आलो. तुडुम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायची जागा. आणि तिथे, मुरमात अर्धा रुतलेला, खाटेएवढा तांबूस खरखरीत दगड.

त्यावर अक्षरं!

एकामागे एक, ओळीनं, वीतभर लांबीची वळणदार खोल अक्षरं. तीन ओळी. काहींच्या डोक्यावर छोटासा चौकोनी टवका. पेटी! माझ्या सरांची पेटी! मी चिखलात गुडघ्यावर बसलो. धोतर नेसत असतो तर पदर पसरावा तसा सोगा पसरला असता.

तेवढ्यात बघतो तर काय, दगडाच्या त्या टोकाला दोन बाया बसलेल्या, आणि लेखाच्या शेवटच्या ओळीवर घसाघसा विळे घासतायत!

"अहो बाई! काय करताय हे?"

"इरा घासून राहिलो ना जी," एक म्हणाली. इरा म्हणजे विळा. "उद्या धान कापाले जाचा हाये."

"थांबवा आधी! हे किती जुनं आहे माहीत आहे?"

"लय जुना हाये साहेब."

"तुमच्या आजोबांच्या आधीचं असेल!"

"असंल ना जी. आजोबाच्याबी आजीच्या टायमाचा."

"आणि हे काय लिहिलंय, ते कुणाला वाचता येतं गावात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक पदरात हसली. "वाचाचा का त्याच्यात? बुढ्या बाया सांगतेत कंदीमंदी."

झालं! मौखिक परंपरासुद्धा आहे! मी डायरीत लिहून घेतलं.

आता बघा, तीस वर्षं मी नव्या पोरांना शिकवत आलो: प्रश्नात उत्तर घालू नका रे. 'तुमच्यावर अन्याय झाला ना?' असं विचारू नका, 'काय झालं?' विचारा. आणि मी स्वतः त्या दगडापाशी 'हे काय आहे?' हा एकच प्रश्न विचारला नाही. बाकी सतरा विचारले.

डेस्कवरच्या तिवारीला फोन लावला. तिवारी म्हणजे आमच्या पेपराचा रात्रपाळीचा उपसंपादक, पक्का गोंदियाचा, भांडणसुद्धा हिंदीत करणारा.

"तिवारी, पहिलं पान रिकामं ठेव."

"क्या हुआ भाऊ, कोई मर गया क्या?"

"मेलेला जिवंत झाला. शिलालेख सापडलाय!"

"पक्का है ना? किसी को दिखाया?"

"मी प्राचीन इतिहास शिकलोय."

"तीस साल पहले."

"इतिहास तीस वर्षांत जुना होत नाही, तिवारी!"

मथळा मीच दिला: 'पुरातन शिलालेखावर विळ्यांचे घाव!' खाली माझा मजकूर, आणि त्यात मी काय काय वाचलं होतं, विचारू नका. पहिली ओळ मंगलाचरण असावी. दुसरीत तलाव खोदणाऱ्या दात्याची स्तुती. तिसरीत, जो हे दान मोडील त्याला शाप, आणि नेमकी तीच ओळ अडाणीपणानं घासून नष्ट केली जात आहे! शिवाय एक सूक्ष्म निरीक्षण: "दुसऱ्या ओळीतील एक अक्षर उलट्या बाजूला झुकलेले असून, ते एखाद्या अनाडी, बहुधा शिकाऊ कारागिराचे काम दिसते." हे वाक्य लिहून मी स्वतःवर खूष झालो होतो. सरांनी पाठ थोपटली असती असं वाटलं.

बातमी छापली आणि चक्रं फिरली. जन्मात पहिल्यांदा माझ्या बातमीनं चक्रं फिरली! रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी नऊ वेळा दिली, खड्डा तिथेच आहे. त्यात आता बेशरमाचं झाड आलंय. पण दगडाची बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी कचेरीतून माणूस हजर. दगडाभोवती काटेरी तार. तारेला पाटी: 'हात लावण्यास सक्त मनाई.' आठवड्यानं हुकूम निघाला: दगड उचलून शहरात, सुरक्षित जागी हलवावा. सोमवारी क्रेन येईल. त्याआधी नागपूरच्या एक तज्ज्ञ मॅडम पाहणी करतील.

मला फोनवर फोन. मित्र म्हणाले, तुझं नाव आता त्या दगडाबरोबर राहणार. मी घरी आरशासमोर उभं राहून दगडाशेजारी कसं उभं राहायचं ते बघून घेतलं.

शनिवारी मॅडम आल्या. साध्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. गाव गोळा झालेलं. पण त्या गर्दीत बायांची तोंडं कशी होती ते मी पाहिलंच नाही. मी मॅडमच्या मागे मागे.

मॅडमनी ओला कागद दगडावर पसरला, ब्रशनं थोपटून खाचांत बसवला, वरून शाईचा बोळा अलगद फिरवला. कागद काळा होत गेला आणि त्यातून पांढऱ्या रेषा वर आल्या. काय दिसत होतं ते, काय सांगू! जणू काळोख्या पाण्यातून बगळ्यांची रांग उडाली. माझे डोळे भरून आले. खरंच. सर हवे होते त्या क्षणी.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "तुम्ही हे वाचायला कुठून सुरुवात केलीत?"

"डावीकडून," मी म्हणालो. "मंगलाचरणापासून."

"अच्छा." त्यांनी ओठ दाबले. "आणि ही पेटी?"

"वाकाटक वळणाची."

"अच्छा," त्या पुन्हा म्हणाल्या. तज्ज्ञ माणूस दोनदा अच्छा म्हणाला की समजावं, आपलं काही खरं नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक म्हातारी पुढे आली. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, हातात विळा. अनुसयामाय म्हणतात तिला सगळे. तारेपाशी येऊन सरळ मला म्हणाली,

"तूच का गा तो पेपरवाला? आमचा गोटा काऊन कोंडलास?"

"आजी, हा शिलालेख आहे. तुमच्याच गावाचा मान..."

"मान गेला पान्यात! तिकडे धान झडून राहिला. बाया इरे कायवर घासतीन? तुह्या डोक्यावर?"

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तार स्वतःच्या हातानं खाली दाबली आणि म्हणाल्या, "या आजी. दाखवा मला कसं घासता."

अनुसयामाय आत आली. खाली बसली. पहिल्या ओळीत शोधून एका खाचेवर तिनं विळा ठेवला. तलवार म्यानात जावी तसा तो बसला! विळ्याचं टोक बरोबर वरच्या चौकोनी टवक्यात. तिनं पाणी शिंपडलं आणि ओढला. खर्रर्र. पुन्हा. खर्रर्र.

मंगलाचरणाच्या एका अक्षरातून लाल पाणी वाहायला लागलं.

गेला माझा वाकाटक.

"हा माहा घासा," म्हातारी म्हणाली. "मी नवरी होऊन आली, तवा सासूनं आनून बसवली इथं. म्हने, ह्या गावात कापाले आलीस, आता आपला घासा पाड. दुसरीच्या घास्यात इरा नाही टाकाचा. आपल्या हातानं, आपला पाडाचा. बाजूचा हा सासूचा. हा तिच्या सासूचा. हा मोठ्या जावेचा, लय जोरात घासे थे, पाह्य, केवढा खोल हाये. स्वभावबी तसाच होता."

बायांत हशा पिकला. आणि मग एकेक बाई पुढे यायला लागली. ही माझी आजेसासू. ही आमची आत्या, विहिरीत पडून गेली ती. हा अर्धाच राहिला तो सखूचा, एकच हंगाम कापलं तिनं, बाळंतपणात गेली. मॅडम झरझर लिहून घेत होत्या. मी पेन खिशात ठेवून उभा. तीन ओळी, चाळीसेक बाया. त्यांच्यापैकी एकीचंही नाव कोणत्या सातबाऱ्यावर नसेल.

मला मात्र आपली लाज सोडवायची घाई! एक अक्षर तरी खरं ठरावं म्हणून मी दुसऱ्या ओळीत बोट ठेवलं.

"आणि हे? हे उलटं झुकलेलं? हे तर नक्कीच कुणी दुसऱ्यानं..."

अनुसयामायनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"थे भागरताचा. डेबरी होती ना थे, डाव्या हातानं घासे. म्हनून तिकडं झुकला. गावची पोरगी होती. लगन करून गोंदियाले गेली. गावच्या पोरीचा घासा कोनी वापरत नाही. आली कंदी माहेराले त पाहिजे ना."

माझं बोट त्या खाचेवरच राहिलं.

भागरता माझी आई.

ती डाव्या हातानं भाकर थापायची, डाव्या हातानं मारायची. शाळा तिनं पाहिली नाही. मी कॉलेजात असताना गेली. माझ्या घरात कपाटभर कागद आहेत. तीस वर्षांचे अंक, सरांच्या नोट्स, पोस्टकार्डं. त्यात आईच्या हातची एक रेघ नाही. एक रेघ असती तर, असं मला कितीदा वाटलंय. आणि ती मी पेपरात छापली होती, फोटोत बाण दाखवून. खाली लिहिलं होतं: अनाडी कारागीर!

"काऊन गा," म्हातारी म्हणाली, "रडून राहिला का?"

"भागरताचा मुलगा मी."

अनुसयामायनं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! भासा होय तू आमचा! अन् साहेब बनून उभा हायेस! आवाज त डिट्टो तुह्या मायसारखा. थे बी अशीच उगीच भांडे."

बसवलं मला. चहा आणला. मी बोटानं आईची रेघ चाचपली. खाचेत पाणी साचलेलं होतं, गार. मला पुन्हा पुन्हा वाटत होतं, उजवा हात लावूच नये इथे.

पण सोमवारी क्रेन येणार होती, हो! हुकूम तो हुकूम.

मॅडम म्हणाल्या, "माझा अहवाल मी पाठवतेच. पण तो टेबलांवरून फिरेपर्यंत दगड शहरात पोचलेला असेल. तुमच्या बातमीनं हुकूम निघाला. थांबेलही तुमच्याच बातमीनं. उद्याच्या अंकात खुलासा द्या."

खुलासा! तीस वर्षांत मी एकही खुलासा दिलेला नव्हता. चुकलो नव्हतो म्हणून नव्हे हो. कधी मानलंच नाही. नोटिसा आल्या, मोर्चे आले, एकानं तर दारात गाढव आणून बांधलं, पण खुलासा नाही म्हणजे नाही. आणि आता तुडुमापाशी बसून, गुडघ्यावर डायरी ठेवून, मी चार ओळी लिहिल्या. बातमीपेक्षा जास्त वेळ लागला. कोरल्यासारखं एकेक अक्षर काढलं.

तिवारीनं दोनदा वाचून घेतला. "भाऊ, आपकी तबीयत ठीक है ना?"

रविवारी खुलासा छापून आला: "आमच्या अंकात प्रसिद्ध झालेले वृत्त चुकीचे होते. तलावावरील तो दगड शिलालेख नाही. त्यावर काही लिहिलेले नाही. त्यावरील खुणा बायांनी विळे घासल्याने पडल्या आहेत. बातमीदार दिलगीर आहे." सोमवारी क्रेन आली नाही. तार निघाली. पाटी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

मोठ्या ऐटीत अंक घेऊन मी अनुसयामायकडे गेलो. म्हटलं, बघू द्या म्हातारीला, तिचा भाचा कसा मोठ्या मनाचा आहे! तिच्या सुनेनं खुलासा मोठ्यानं वाचला. म्हातारी सुपातले तांदूळ निवडत ऐकत होती.

"पुन्हा वाच वो थे मधातला," ती म्हणाली.

सुनेनं वाचलं, "त्यावर काही लिहिलेले नाही."

सूप खाली ठेवलं गेलं.

"काऊन गा? असा काऊन लिहिलास?"

"का माय? खरंच तर आहे. लेख नाहीच तो."

"नाही कसा? परवा मी तुले सगरा वाचून नाही दाखवला का? एक एक बाई सांगितली. कोन कशी होती, कोनाचा हात जड, कोनाचा हलका, कोन अर्ध्यातून गेली. तुह्या मायचाबी वाचून दाखवला. तवा रडलास, अन् आता लिवतेस का काही लिहिलाच नाही?"

"माय, पण शिलालेख म्हणजे..."

"तुले वाचता येत नाही, त तसा लिव ना बाप्पा! गोट्यावर कायले ढकलतेस?"

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. मी पाळीवर जाऊन उभा राहिलो आणि तिवारीला फोन लावला.

"खुलासे का खुलासा?" तिवारी ओरडला. "तीस साल में एक नहीं दिया, और अब हफ्ते में दो? बोलो, लिख रहा हूँ."

मी त्याला मजकूर सांगितला. त्यानं तो एक शब्दही न बदलता छापला; तीस वर्षांत माझा एवढा एकच मजकूर त्यानं बदलला नाही:

"रविवारच्या खुलाशात 'दगडावर काही लिहिलेले नाही' असे छापले गेले. त्याऐवजी 'आमच्या प्रतिनिधीला वाचता येत नाही' असे वाचावे."